तीन कडवी मीठपाणी

त्या प्रयोगशाळेत तिला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे म्हणत, बुवा. अंगाने काडीसारखी, आवाजाने मऊ, केसांची आखूड शेपटी रबरात कशीबशी कोंबलेली, अशी ही मुलगी, आणि तिला म्हणायचं बुवा! कारण एकच. हातात पिपेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची नळी, आली की तिच्या ओठांवर भजन यायचं. मोठ्याने नव्हे हं. तोंडाला मास्क, समोर काच आणि काचेआड पेशींच्या बश्या. मास्कच्या आतून येणारं ते गाणं बाहेरच्याला पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येई. शब्द कळत नसत, पण ठेका कळे, आणि ठेक्यावर तिचा उजवा पाय टेबलाखाली हलकेच आपटे. पलीकडच्या खोलीतले लोक तो पाय ऐकूनच म्हणत, "बसले वाटतं बुवा."

भजन तिच्या आत्याचं. आत्याने नुसतं शिकवलेलं नव्हे, स्वतः जुळवलेलं.

"झाडले अंगण, पुसला उंबरा,
आता तूच ये रे, उशीर का बरा?"

पुढे तीन कडवी, आणि प्रत्येक कडव्यानंतर हे ध्रुपद आळवून आळवून. आत्याला गाताना घाई खपत नसे. "देवाला घरी बोलवायचं आणि वर त्याच्यामागे लकडा लावायचा? येईल की तो सावकाश," असं ती म्हणे आणि शेवटची ओळ आणखी लांबवी. आईवेगळ्या भाचीला तिने वाढवलं ते याच चालीवर. भाचीला न्हाऊ घालताना तेच, वेणी घालताना तेच, अभ्यासाला बसवताना तेच.

प्रयोगशाळेत ते भजन शिरलं त्याचीही एक कथा आहे. पहिल्या वर्षी बुवाचे हात फार थरथरत. बशीच्या तळाला पेशी पातळ सायीसारख्या धरलेल्या असतात. धुताना त्यांच्यावर मीठपाणी जरा जोरात पडलं की साय सुटते आणि महिन्याभराची मेहनत पाण्यावर तरंगू लागते. तिची साय रोज सुटे. रडकुंडीला येऊन तिने आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, "हात घाई करतोय ना, चिमे? मग तोंडाला कामाला लाव. हात आपोआप ऐकेल." तिने ऐकलं. पेशी तीनदा धुवायच्या असत, आणि भजनाला कडवी तीन. एका धुण्याला एक कडवं. साय सुटायची थांबली. त्या दिवसापासून ती बुवा झाली.

आता मूळ पदावर येऊ.

पीएचडीचा विषय कुणी विचारला की बुवा आधी एका दमात लांबलचक नाव सांगे आणि समोरच्याचा चेहरा पडला की हसून म्हणे, "केराची भानगड आहे हो, दुसरं काही नाही." खरोखर तेवढंच होतं. शरीरातली एकेक पेशी म्हणजे नांदतं घर. घर म्हटलं की केर आलाच. झिजलेली, वाकडी झालेली प्रथिनं रोजच्या रोज वेचून आतच जाळून टाकायची व्यवस्था प्रत्येक पेशीत असते. ती ज्या दुखण्याचा अभ्यास करत होती त्यात ही व्यवस्थाच आळसावते. केर साठतो, त्याचे गोळे होतात, घर गुदमरतं. मग कुठे कुणाचा हात कापायला लागतो, कुणाचं पाऊल फरफटतं, कुणाच्या जिभेवर शब्द अडतो. हे का होतं आणि ते उलटवता येईल का, एवढंच तिला शोधायचं होतं. एवढंच म्हणायचं, पण त्यात चार वर्षं गेली होती.

पेशी एका म्हाताऱ्या शिंप्याच्या होत्या. सुईत दोरा ओवता येईनासा झाला तेव्हा त्यांना आपलं दुखणं कळलं होतं. त्यांनी दंडावरच्या कातडीचा इवलासा तुकडा दिला, त्यातून चेतापेशी तयार केल्या, आणि प्रयोगशाळेने त्या पेशींना नाव ठेवलं आजोबा. जोडीला तुलनेसाठी एका निरोगी माणसाच्या पेशी होत्या. त्यांचे नखरे फार, जेवणाची वेळ जरा चुकली की लगेच सुरकुतत. त्यांचं नाव जावई. त्यामुळे नवख्या माणसाला तिथलं बोलणं ऐकून घाम फुटे. "आजोबांना खायला घातलंस का?" "घातलं, पण जावई उपाशी आहेत." "मरू देत मेले, नवे आणू."

या आजोबांवर बुवाने एक पिवळी पूड वापरून पाहिली. मायक्रोस्कोपखाली केराचे गोळे हिरवे चमकतात. पूड घातलेल्या बशीत एका रात्रीत ते हिरवे दिवे जवळजवळ सगळे विझले. तिने पुन्हा केलं, पुन्हा विझले. तिसऱ्यांदा विझले तेव्हा तिने डोळे मिटून काचेला हात जोडले, मग धावत मॅडमकडे गेली.

मॅडम म्हणजे तिची गाईड. केस पांढरे, चष्मा कपाळावर, कौतुक करायचं झालं तरी आधी खोकायची सवय. त्यांनी चित्रं उलटसुलट पाहिली, खोकल्या आणि म्हणाल्या, "सुंदर. आता हे टिकटिक करेल."

टिकटिक म्हणजे बुवाच्याच वर्षी आलेला, उंच, नीटनेटका, गळ्यात दोरी अडकवून एक टायमर बाळगणारा मुलगा. त्याच्या कामात सुई शिरायला जागा नसे. चहात पुडी बुडवली तरी टायमर लावायचा. बुवाने त्याला आपली कृती समजावली, पूड दिली, आजोबा दिले. तीन दिवसांनी तो उतरल्या चेहऱ्याने आला.

"काय झालं?"

"काहीच झालं नाही. तोच तर घोळ आहे. आजोबांच्या घरात रोषणाई जशीच्या तशी."

"पूड घालायला विसरलास."

"बुवा, मी आजवर काही विसरलोय?"

त्याने पुन्हा केलं. पुन्हा रोषणाई. तेव्हा मॅडमनी दोघांना समोर बसवलं.

"हे बघ," त्या बुवाला म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातून झालं तर ते विज्ञान. तुझ्या एकटीच्याच हातून झालं तर तो चमत्कार. चमत्कारावर मी सही करत नाही. महिनाअखेरपर्यंत दुसऱ्या हाताने हे करून दाखवा, नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढायचं."

बुवाने मनातल्या मनात अख्खा प्रबंध उलटून पाहिला. आधीची प्रकरणं म्हणजे नुसती वाट होती. घर होतं ते या प्रकरणात. ते काढलं तर उरलेल्या प्रबंधाने परीक्षकांना एवढंच सांगितलं असतं की केर आहे, आणि तो आम्ही चार वर्षं बघत बसलो.

मग सुरू झाली शोधाशोध. टिकटिकने बुवाच्या बाटल्या वापरल्या, बुवाने त्याच्या. तिच्या हातून दिवे विझले, त्याच्या हातून नाही. पेशी उबेत ठेवायच्या कपाटाचे, इन्क्युबेटरचे, कप्पे बदलले. पाणी बदललं, पूड बदलली. एकदा तर हातमोजे बदलले, कारण बुवाचे निळे आणि त्याचे पांढरे. फरक पडला नाही. येणारा-जाणारा म्हणू लागला, "हातगुण आहे बुवांचा, हातगुण!" म्हणणारे हसत, पण टिकटिकला ते लागे. सगळं काटेकोर करूनही आपण नापास आणि ही गाणं म्हणत म्हणत पास, हे कुणाला रुचेल? एका दुपारी त्याच्या तोंडून निघूनच गेलं.

"बुवा, दिवे मोजतेस तूच ना?"

"हो. मग?"

"नाही, म्हणजे... आपल्याला हवं असतं तेच कधी कधी दिसतं माणसाला."

 हातातलं पिपेट बुवाने स्टँडला अडकवलं, हातमोजे काढले आणि बाहेर जाऊन जिन्यात बसली. खोटारडी म्हटलं असतं तर ती भांडली असती. हे त्याहून वाईट होतं, कारण ते खरंही असू शकत होतं. देवाला नाही का आपण हवं तिथे बघतो! पाच-एक मिनिटांनी ती उठली, सरळ मॅडमच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "मॅडम, मोजणी तुम्ही करा. बशी कुणाची, कशाची, तुम्हाला कळता कामा नये."

मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. पलीकडच्या खोलीतल्या एकाने बश्यांची नावं झाकली, वर नुसती अक्षरं चिकटवली, आणि मॅडम दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसल्या. संध्याकाळी कागद उलगडले. मॅडमच्या मोजणीतही बुवाच्या बश्यांमधलेच दिवे विझलेले होते.

टिकटिक तिच्या टेबलापाशी आला. गळ्यातला टायमर उगाच चालू-बंद करत उभा राहिला.

"मी गाढव आहे," तो म्हणाला.

"ते आहेच," बुवा म्हणाली. "पण औषध तुझ्या हातून का चालत नाही ते शोध आधी. गाढवपणाचं मग बघू."

मॅडम त्या रात्री घरी जाऊन बराच विचार करून आल्या असाव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोघांना बोलावलं. या वेळी दोनदा खोकल्या.

"उद्या दोघं शेजारी शेजारी बसा. एकच पूड, एकच पाणी, एकच आजोबा. आणि बुवा, तू उद्या तोंड बंद ठेवायचं."

"म्हणजे?"

"गायचं नाही. टिकटिक गात नाही, तू गातेस. मला दिसणारा फरक आता तेवढाच उरलाय. हसू नका. मला स्वतःलाच लाज वाटतेय हे बोलताना."

कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी बुवा ओठ घट्ट मिटून बसली. गाणं नसल्याने तिला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. शेजारी टायमर वाजत होता, त्याच्याच तालावर तिचेही हात चालले. टिकटिकने पाणी ओतलं की ती ओते, त्याने काढलं की ती काढे. इतक्या वर्षांत हात तयार झाले होते, साय काही सुटली नाही. दोघांचं काम बरोबरच संपलं, आणि तिच्या मानाने फारच लवकर.

आणि तिच्या बश्यांमधले दिवे विझले नाहीत.

सगळी प्रयोगशाळा त्या बश्यांभोवती जमली. टिकटिकने ताण हलका करायला म्हटलं, "आता प्रबंधात काय लिहायचं? औषध, दिवसातून एकदा, भजनासोबत घ्यावे?" पण त्याचाच आवाज पडला. मॅडमनी खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. "आता मात्र," त्या म्हणाल्या, "मला निवृत्त व्हावंसं वाटतंय."

संध्याकाळी आत्याचा फोन आला. हकिगत ऐकून आत्याला स्वर्ग दोन बोटं उरला.

"बघ! सांगत नव्हते मी? अगं, नाम आहे ते, नाम! दगड तरतात, तिथे तुझ्या पेशींची काय कथा!"

"आत्या, थांब जरा."

"थांबते कशाला? उद्या सगळ्यांना सांगते मी. आमच्या चिमीच्या गाण्याने—"

"आत्या, मला हे आवडलेलं नाही."

 बुवा खिडकीशी उभी होती. खाली रस्त्यावर दुकानांची शटरं ओढली जात होती. तिचा देवावर भरवसा होता, तोही वरवरचा नव्हे, अंगवळणी पडलेला, आत्याच्या चालीसारखा. म्हणूनच तर तिला हे टोचत होतं.

"आजोबा दोन्ही बश्यांत तेच आहेत ना, आत्या? तेच दुखणं, तीच पूड. मग मी गायले म्हणून देव माझ्या बशीत येतो आणि टिकटिक गात नाही म्हणून त्याच्या बशीतल्या आजोबांना तसंच सोडून जातो? असा पंक्तिप्रपंच करेल तो? तूच शिकवलंस ना मला, त्याच्या पंगतीत सगळ्यांना सारखं वाढलं जातं?"

 आत्या तिच्या नेहमीच्या सावकाश आवाजात म्हणाली, "ते मात्र खरं. असा नाही तो." आणि लगेच, "मग त्या टिकटिक्याला गायला सांग की! देवाचं दार काय तुझ्या एकटीचं आहे?"

बुवाने फोन ठेवला आणि पहिल्यांदाच त्या आठवड्यात मोकळी हसली. तपासायचं तर असंच तपासायला हवं होतं, आणि ते अख्ख्या प्रयोगशाळेत कुणाला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी टिकटिकला ते सांगायची छाती कुणाला झाली असती?

"मी?" टिकटिक दोन पावलं मागे सरला. "बुवा, शाळेत प्रार्थनेच्या वेळी मला नुसते ओठ हलवायला सांगायचे."

"इथे आवाज काढायचा. तीन कडवी, तीन धुणी."

"मॅडम, हिला सांगा ना काहीतरी."

"गा," मॅडम म्हणाल्या.

बुवाने भजनाचे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोरच्या काचेवर बाहेरून चिकटवले. टिकटिकने हातमोजे चढवले, मास्क नाकावर ओढला, सवयीने टायमर सुरू केला आणि बशीत मीठपाणी ओतून गायला लागला. काय सांगावं! सूर एका दिशेला, तो दुसऱ्या दिशेला. "उंबरा"वर चढायला गेला आणि धडपडला. ध्रुपदावर परतायच्या ऐवजी दुसऱ्याच कडव्यात शिरला, चूक लक्षात आल्यावर "थांबा, थांबा" म्हणत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. एकदा ओळ सापडेना म्हणून बोट काचेवर ठेवून शब्द शोधत बसला. बुवा मागे उभी राहून हाताने ताल देत होती आणि डोळे पुसत होती; हसून की कशाने, तिचं तिलाच माहीत. मॅडम दाराशी टेकून ऐकत होत्या. एरवी त्यांना प्रयोगशाळेत कुणी मोठ्याने शिंकलेलंही चालत नसे.

शेवटी भजन संपलं. टिकटिकने पूड घातली, बश्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या आणि घामाने थबथबलेला मास्क काढून म्हणाला, "हे कुणाला कळलं तर मी गाव सोडीन."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नावं झाकून दिवे मोजले. टिकटिकच्या बश्यांमध्ये अंधार होता, गुडुप्प. बुवाच्या सगळ्यात चांगल्या बशीतही इतका नव्हता.

टिकटिकने आनंदाने मुठी आवळल्या. मॅडमनी मात्र डोकं धरलं. आणि बुवा? ती पुन्हा पुन्हा चित्रांकडे बघत राहिली. तिच्या मनात काहीतरी खुपत होतं, चपलेत खडा गेल्यासारखं.

"माझ्यापेक्षा चांगलं," ती म्हणाली.

"जळतेस का?"

"नाही रे. सुराला देव भुलत नसेल, हे मी समजू शकते. पण बेसुराला तो जास्त भुलतो?" ती खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली. "काल तू काय काय केलंस ते पहिल्यापासून सांग."

"गायलो. चुकलो. परत गायलो."

"हातांनी काय करत होतास?"

"हात? हात थांबवलेच होते. गाणं आणि हात एका वेळी नाही जमत मला. मी आधी गाऊन घेतलं."

"आणि बश्या कुठे होत्या तोवर?"

"समोरच. मीठपाण्यात."

बुवाने मीठपाण्याची बाटली पुढे ओढली.

"मीठपाण्यात काय असतं?" बुवाने विचारलं. हळूच, जणू कुणी झोपलेलं उठेल.

"मीठ. पाणी."

"आणि खायला?"

टिकटिकने टायमर हातात घेतला. काल सवयीने लावलेला, बंद करताना त्याने पाहिलेलाही नव्हता. शेवटचा आकडा त्यात तसाच होता. त्याने तो वाचला आणि नुसताच तिच्यापुढे धरला. एरवी त्याचं धुणं डोळ्याचं पातं लवावं तसं व्हायचं. ओतलं, काढलं, ओतलं, काढलं. कृतीत लिहिलं होतं, "हलक्या हाताने तीनदा धुवावे." किती वेळ, ते कुणी लिहिलंच नव्हतं. धुणं म्हणजे धुणं, त्यात वेळ कसला बघायचा? पण बुवाच्या बश्या तीन कडवी, तीही आत्याच्या संथ चालीतली, मीठपाण्यात बसून राहत. तितका वेळ आजोबा उपाशी.

आणि उपाशी पेशी काय करते, हे दोघांनाही पाठ होतं, अगदी पहिल्या वर्षापासून. बाहेरून दाणा येईनासा झाला की पेशी घरातलं धुंडाळायला लागते. कोपऱ्यातला केर उकरते, जाळते, त्यातूनच पोट भरते. आळसावलेली झाडलोट भुकेने उठून बसते. तरीही त्यांच्यापैकी कुणाला हे सुचलं नव्हतं, कारण धुण्याला कुणी उपास म्हणून मोजत नव्हतं.

"म्हणजे पूड काही करतच नाही?" टिकटिकचा चेहरा पुन्हा पडला. "नुसती भूकच सगळं करते?"

"तसं असतं तर पूड न घातलेल्या माझ्या बश्याही साफ झाल्या असत्या. त्यांनाही मी गाऊनच धुते." बुवा उभी राहिली. तिचे डोळे चमकत होते. "भुकेने झाडू हातात येतो. पण आजोबांचा हात थकलेला आहे, झाडू उचलवत नाही. पूड त्या हाताला जोर देते. पण ज्याने झाडूच धरला नाही त्याला जोर देऊन काय उपयोग? तू त्यांना भुकेलं केलंच नाहीस. पूड दिलीस ती गाढ झोपलेल्याला."

"कशावरून?" हा मॅडमचा आवाज. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कळलं नव्हतं. "बशी इन्क्युबेटरबाहेर राहते तेव्हा थंडही पडते. थंडीने झालं नसेल कशावरून?"

हा प्रश्न टिकटिकच्या आवडीचा होता. त्याने टायमर छातीवर टाकला आणि कामाला लागला. काही बश्या तेवढाच वेळ बाहेर ठेवल्या, पण खाद्यात, भरल्या पोटी. काही मीठपाण्यात ठेवल्या, पण उबेत. आणि सगळं अगदी मुकाट्याने, ओठाला ओठ लावून. भरल्या पोटी थंडावलेल्यांचे दिवे तसेच राहिले. उबेत उपाशी राहिलेल्यांचे विझले. पूड वगळली की उपाशी राहूनही थोडेसेच विझले. गाण्याचा एक शब्दही न उच्चारता टिकटिकच्या हातून आजोबांचं घर स्वच्छ झालं.

बुवाने लगेच आत्याला फोन लावला आणि सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे नामाने नाही झालं?" आत्याने जरा हिरमुसून विचारलं.

"नामाने माझा हात थांबवला, आत्या. तेवढ्यात उपास घडला. पुढचं उपासाने केलं."

"मग मी वेगळं काय म्हणत होते?" आत्या म्हणाली आणि तिने समाधानाने विषय बदलला.

महिनाअखेर आली. प्रकरण लिहून तयार होतं, दुसऱ्या हाताने करूनही झालं होतं. बुवा सहीसाठी गेली तेव्हा मॅडम खोकल्या. "टिकटिक तुझ्या शेजारी बसून शिकला. मला तिसरा हात हवा. उद्या मी करते."

मॅडमनी पिपेट हातात धरून कैक वर्षं लोटली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढरा कोट चढवला, बाह्या नीट केल्या, कृतीचा कागद घेतला आणि आतल्या खोलीत जाताना दोघांना बाहेर काढलं. "कुणी डोकवायचं नाही. नजर लागते."

दोघं बाहेरच्या बाकावर बसली.  बुवाच्या चार वर्षांचा निकाल त्या दाराआड लागत होता, आणि तोही अशा हातांनी, ज्यांना ती घाबरतही होती आणि मानतही होती.

"धुणं नीट करतील ना रे?"

"करतील. कागदावर मिनिटं लिहिली आहेत मी. फक्त टायमर लावायचा आणि—" टिकटिकचा हात छातीवर गेला. तो तसाच राहिला. "बुवा."

"काय?"

"टायमर माझ्याच गळ्यात आहे."

"आणि आतलं भिंतीवरचं घड्याळ?"

"ते गेल्या महिन्यापासून बंद आहे. मीच तक्रार केली होती."

टिकटिक उठून दार ठोठावणार, तेवढ्यात बुवाने त्याची बाही धरली. "शू. ऐक."

दाराआडून, पाण्याखालून यावा तसा, एक जाडसर, खोकल्याने अडखळणारा सूर येत होता. शब्द कळत नव्हते. पण ठेका कळत होता, आणि त्यावर टेबलाखाली कुणाचा तरी पाय हलकेच आपटत होता. चाल बरीच चुकली होती. घाई मात्र अजिबात नव्हती. पहिलं कडवं संपलं. ध्रुपद झालं. थोडं थांबून दुसरं सुरू झालं. टिकटिक बाकावर परत बसला. तिसऱ्या कडव्याला बुवाही मनातल्या मनात गाऊ लागली, आणि तिच्या लक्षात आलं की शेजारी टिकटिकचेही ओठ हलताहेत.

दुसऱ्या दिवशी दिवे विझलेले होते. या वेळी टिकटिकने मोजले, नावं झाकून.

मॅडमनी प्रकरणावर सही केली. कागद परत देताना त्या दुसरीकडेच बघत होत्या. बुवाने बाहेर येऊन पान उलटलं. धुण्याच्या कृतीपाशी, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं होतं:

"वेळ मिनिटांत लिहिलास ते बरं केलंस. सगळ्यांनाच गाता येतं असं नाही. पण तिसऱ्या कडव्याचे शब्द मला नीट लिहून दे."